चढावरचं एक वाक्य

"दुकान काय पळून जाणार आहे?" ताईनं वरच्या खिडकीतून विचारलं.

खाली अंगणात चष्मेवाले सायकलच्या मागच्या चाकात हवा भरत होते. चाक आधीच दगडासारखं टणक झालं होतं, तरी त्यांचं समाधान होत नव्हतं. त्यांनी चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं, पुन्हा पंप लावला आणि वर न बघताच म्हणाले, "तुला नाही कळायचं त्यातलं."

"कळायचंय काय त्यात? उघडायची वेळ झालेली नाही, मालक अजून अंथरुणात असतील, आणि तू निघालायस आग विझवायला."

चष्मेवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात ते लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. स्वतः त्यांना चष्मा नव्हता आणि याचा त्यांना नको इतका अभिमान होता. लग्न राहून गेलं होतं. ठरवून टाळलं असं नाही, निघायच्या गडबडीत छत्री घरी राहावी तसं ते राहून गेलं होतं. शिकवण्या घेणारी थोरली बहीण, दोन खोल्या आणि ही सायकल, एवढाच त्यांचा संसार होता.

सायकलवरून कामाला जाणाऱ्या माणसांची रोज सकाळी शर्यत लागते, हे पायी चालणाऱ्यांना ठाऊक नसतं. ती कोणी जाहीर करत नाही, तिचं बक्षीस नसतं, आणि 'तुम्ही शर्यत लावलीत का?' असं विचारलंत तर कोणीही कानावर हात ठेवील. पण नियम सगळे पाळतात. पुढच्याला गाठायचं, पण गाठायचं होतं असं दाखवायचं नाही. धाप लागली तरी तोंड मिटून ठेवायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, एकदा पुढे गेलं की मागे वळून बघायचं नाही. मागे बघणारा माणूस घाबरलेला असतो, असं या मंडळींत मानतात.

कालव्याकाठच्या त्या रस्त्यावर चष्मेवाले वर्षानुवर्षं पहिले होते. टकले मास्तर, कोर्टातला कारकून, तंग चड्डी घालून येणारा तो विमा एजंट, सगळ्यांना त्यांनी पाणी पाजलं होतं. मास्तरांनी तर हाय खाल्ली होती. चष्मेवाले दिसले की ते उगाच थांबून बुटाची नाडी बांधू लागत.

आणि मग एके दिवशी पाण्याच्या टाकीपाशी ती हिरवी सायकल आली.

सायकलवर एक बाई होती. पाठ ताठ, केसांचा अंबाडा, त्यातून एक केस इकडचा तिकडे नाही. हँडलला एक छोटा गोल आरसा आणि मागे कॅरिअरवर काळं खोकं. टाकीपासून पुढे लाकडाच्या वखारीपर्यंत चढ लागतो. तिथं भलेभले उतरून सायकल ढकलतात. या बाई मात्र कोणी वरून दोरीनं ओढावं तशा वर गेल्या. पाय तर असे फिरत होते की जणू कोणाची तरी वाट बघत नुसत्या बसल्या आहेत.

चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ते लवकर निघाले, तरी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे त्या रागाचं काय झालं कोण जाणे. सकाळी टाकीपाशी ती ताठ पाठ दिसली नाही तर त्यांना चुकल्यासारखं वाटू लागलं. दिसली की छातीत काहीतरी हलायचं, आणि ते केवळ चढामुळे नव्हतं. त्यांनी त्या बाईंचा चेहरा कधी नीट पाहिला नव्हता. शेजारी जावं, तिला बघावं आणि एक वाक्य बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण शेजारी जायचं तर आधी गाठायला हवं.

वाक्य तयार होतं. "चढ फार आहे, नाही?" फार सलगी नाही, फार तुटकही नाही. ते दाढी करताना आरशासमोर म्हणून बघत. कधी 'फार'वर जोर देत, कधी 'नाही'वर.

"कोणाला सांगतोयस?" ताईनं दाराबाहेरून विचारलं. "घरात कसला आलाय चढ?"

मग त्यांनी सायकल हलकी करायला घेतली. आधी स्टँड काढला, मग घंटी काढली, मग साखळीवरचं झाकण. कॅरिअर तेवढा ठेवला, कारण डबा आणि दुकानातला पांढरा कोट न्यायला दुकानाची मोठी लाल पिशवी लागायचीच. झाकण गेल्यावर उजव्या पायाची पँट रोज तेलानं काळी होऊ लागली, आणि ते तेल हातांवाटे दुकानात पोहोचू लागलं.

"चष्मेवाले," मालक एकदा म्हणाले, "काल त्या आजींना तुम्ही नवा चष्मा घातलात. त्या म्हणतात, सगळं अंधारलं. मी बघितलं तर काचेवर तुमचा अंगठा!"

"पुसून दिला ना लगेच."

"दिलात. पण हे धापा टाकत 'खालची ओळ वाचा' म्हणणं बंद करा. गिऱ्हाइकाला वाटतं, तिथं काहीतरी भयंकर लिहिलंय."

पण कष्टांचं चीज होत होतं. आठवड्यामागून आठवडे अंतर कमी होत गेलं. आधी हिरवी सायकल वखारीपलीकडे दिसेनाशी व्हायची, आता माथ्यावर पोहोचेपर्यंत नजरेच्या टप्प्यात राहू लागली. एका संध्याकाळी त्यांनी ताईला विचारलं, "माझ्या मांड्या भरल्यासारख्या वाटतात का गं?"

ताईनं वह्या तपासता तपासता त्यांच्याकडे पाहिलं. "पँट आटली असेल," ती म्हणाली.

आणि तो दिवस आला. चष्मेवाले टाकीपाशी वळले, तर हिरवी सायकल चढाच्या पायथ्याशीच होती! बाई पॅडलवर उभ्या राहून जोर लावत होत्या, सायकल डावी-उजवीकडे हेलपाटत होती, अंबाड्यातून केस सुटले होते. चष्मेवाल्यांना क्षणभर खरं वाटेना. मग त्यांनी जिवाचा आटापिटा केला. अंतर संपलं. ते तिच्या शेजारी आले. आयुष्यात पहिल्यांदा ती दोघं एका रेषेत होती.

वाक्य ओठांवर होतं. पण वाक्याला श्वास लागतो, आणि त्यांचा होता नव्हता तेवढा श्वास पायांत गेला होता. त्यांनी तोंड उघडलं, आतून नुसती हवा आली. वेग कमी करावा तर त्या चढावर सायकल थांबली असती. स्टँड नाही, दम नाही, शेजारी ती. शोभा झाली असती. वर गेल्यावर बोलू, असं त्यांनी ठरवलं आणि ते पुढे गेले.

"अहो!" मागून आवाज आला.

चष्मेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अहो, थांबा ना जरा!"

हरलेली माणसं असंच म्हणतात, त्यांना वाटलं. वळून बघणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी मागे न बघता एक हात उंच केला, मिरवणुकीतल्या पाहुण्यासारखा हलवला, आणि माथा ओलांडला. पलीकडे उतार होता. उतारानं त्यांना असं उचललं की वाक्याची आठवण झाली तेव्हा ते पुलापर्यंत पोहोचले होते. तिथं ते थोडा वेळ थांबले. मागे कोणीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिरवी सायकल नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. रस्ता मोकळा होता. पुढे कोणी नव्हतं, हीच तर त्यांची इतक्या महिन्यांची इच्छा होती, आणि आता तो मोकळा रस्ता त्यांना खायला उठे. टाकीपाशी ते वेग कमी करत. एखादी हिरवी ओढणी दिसली, हिरवा ट्रक दिसला तरी जीव वरखाली होई. त्यांना तिची फार आठवण येत होती. जिच्याशी एक शब्द बोललो नाही तिची कसली आठवण, असं ते स्वतःला विचारत, आणि उत्तर न मिळता चढ संपे. एकदा तर टकले मास्तर त्यांना मागे टाकून गेले. मास्तरांचा आपल्या पायांवर विश्वास बसेना.

"आज घामही नाही?" ताईनं विचारलं. "काय झालं?"

"जिंकलो," चष्मेवाले म्हणाले.

"मग चेहरा असा का पडलाय?"

ताईनं वही मिटली आणि न विचारता त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. त्या रात्री तिनं एकही टोमणा मारला नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दुकानाचं दार उघडलं आणि हातानं काउंटर चाचपत एक बाई आत आल्या. दुसऱ्या हातात मोडका चष्मा होता. एक काच नव्हती, दुसरीला तडे गेले होते. "नवा करायचाय," त्या म्हणाल्या. "आणि एका माणसाची तक्रार पण करायचीय."

मालकांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. चष्मेवाले तपासणीची गोल फ्रेम घेऊन मागच्या बाजूनं आले आणि जागीच थिजले. तीच पाठ होती. तोच अंबाडा.

"कोणाची तक्रार?" त्यांनी आवाज शक्य तितका दुसऱ्याचा करत विचारलं.

"तुमच्याकडे कोणीतरी सायकलवरून येतं. नाव माहीत नाही. कॅरिअरवर तुमच्या दुकानाची लाल पिशवी असते, तिच्यावर मोठं नाव आहे. ते मला मागे टाकून गेले, त्याच दिवशी ती मला दिसली. एरवी ते मागेच असायचे ना."

मालकांनी तोंड उघडलं. चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मालक फडकं घेऊन शोकेस पुसायला गेले.

"ते आज आले नाहीत," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी फ्रेम तिच्या डोळ्यांवर ठेवून पहिली काच घातली. "समोरचा तक्ता बघा. काय केलं त्यांनी?"

"काही दिसत नाही. काय केलं? अहो, माझ्या सायकलची बॅटरी संपली ऐन चढाच्या तोंडावर—"

"बॅटरी?" चष्मेवाल्यांच्या हातातली दुसरी काच निसटता निसटता राहिली. "सायकलला?"

"विजेवरची सायकल आहे. मागच्या खोक्यात बॅटरी असते. ती संपली की धोंडा होतो नुसता. मी दोनदा हाक मारली. तर या गृहस्थांनी हात हलवला आणि गेले! मग ढकलत नेताना घामानं चष्मा घसरला, तो माझ्याच चाकाखाली."

ते खोकं चष्मेवाल्यांनी महिनोन् महिने पाहिलं होतं. त्यात डबा असेल, असं ते धरून चालले होते. हजारो लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला समोरचं खोकं दिसलं नव्हतं. त्यांनी निमूटपणे काच बदलली. "आता?"

"पुसट आहे अजून." मग ती जरा हळू म्हणाली, "तसा राग नाही हो माझा. रोज आरशात दिसायचे ते मागून येताना. एवढेसे. तोंड उघडं, गाल फुगलेले. मला हसू यायचं, आणि कुठेतरी बरंही वाटायचं. माझ्या मागे इतक्या जिद्दीनं कोणी आलेलं नाही कधी. म्हणून मी मोटर थोडी थोडी कमी करत गेले. म्हटलं, गाठतील एक दिवस. काहीतरी बोलतील."

चष्मेवाल्यांच्या मांड्यांतली सगळी हवा गेली. आणि त्याच क्षणी त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी येतं की काय, अशी भीती वाटली. तिच्या डोळ्यांपुढे काच अजून अर्ध्या नंबरानं कमी होती. पुढची काच घातली की तिला सगळं स्वच्छ दिसणार होतं. ती हातात धरून ते उभे राहिले. अशीच अंधुक ठेवली तर ती आणखी बोलेल, असं त्यांना वाटलं. पण डोळ्यांच्या बाबतीत त्यांनी कधी कोणाला फसवलं नव्हतं. त्यांनी काच घातली. छाती धडधडत होती, गाल आपोआप फुगले, तोंड उघडं पडलं.

ती तक्ता वाचू लागली. वरची ओळ, मधली, अगदी खालची. मग तिनं मान वळवली आणि चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

"आज आले नाहीत म्हणालात," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांना काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांच्याकडे वाक्य एकच होतं.

"चढ फार आहे, नाही?"

"बॅटरी असली तर नाही," ती म्हणाली आणि हसली. शोकेसमागे मालकांच्या हातातलं फडकं थांबलं होतं. "चष्मा कधी मिळेल?"

दुकानाच्या दारावर हातभर अक्षरांत 'तासाभरात चष्मा' असं लिहिलेलं होतं. "चार दिवस लागतील," चष्मेवाले म्हणाले.

"चार दिवस?" मालक आणि ती एकदम म्हणाले.

"काच बाहेरून मागवावी लागेल," चष्मेवाले मालकांकडे न बघता म्हणाले.

"मग मी सायकल कशी चालवू? घरी जुना चष्मा आहे, पण त्यातून खड्डे दिसत नाहीत."

"पिशवी दिसेल?"

तिनं दाराशी टेकवून ठेवलेल्या सायकलवरच्या लाल पिशवीकडे पाहिलं. "ती दिसेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांनी हवा भरली नाही. ताई खिडकीत आली, बराच वेळ बघत राहिली, आणि आत गेली. टाकीपासून वर वखारीपर्यंत ते पुढे होते आणि हिरवी सायकल मोटर अगदी कमी करून मागे होती. खड्डा आला की ते "डावीकडून घ्या" म्हणत. खड्डा नसला तरी म्हणत. त्यांचा वेग इतका कमी होता की टकले मास्तर बुटाची नाडी बांधत बसले होते ते उठले, त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि दोघांनाही ओलांडून, नियमाप्रमाणे मागे न बघता, ताठ मानेनं माथ्यापलीकडे गेले.

चष्मेवाल्यांना ते कळलंच नाही. ते मागे बघत होते.