दुधीचे ठोके शहात्तर

रशीदचाचांनी दुधीच्या मनगटाला घड्याळ बांधलं होतं. दुधीला मनगट नसतं हे मलाही कळतं, पण चाचांनी बाजारातून देठाकडे बरोबर तेवढा बारीक दुधी निवडून आणला होता. "बघा बाई, शहात्तर," ते म्हणाले. खरंच, घड्याळाखाली हिरवा दिवा लुकलुकत होता आणि दुधीचे ठोके मिनिटाला शहात्तर पडत होते. माझे त्याहून जास्त पडत असणार, कारण माझी शाळेची वेळ झाली होती आणि हा माणूस जिना अडवून उभा होता.

"कायतरी लोचा हाय," चाचा म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भिवंडीत चाळीस वर्षं त्यांनी पॉवरलूम दुरुस्त केले. बंद लूमसमोर उभं राहून आधी हे वाक्य म्हणायचं, मग पान्याला हात घालायचा. आता घरी बसल्यावर सगळ्या जगातच लोचा दिसतो. गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय आत येत नाही. दूधवाल्याला त्याच्याच दुधाचा घोट आधी प्यायला लावतात. माझ्याकडे चहा घेताना कपाच्या तळाशी बघतात. शेजारी राहून वीस वर्षं झाली, तरी बघतात.

घड्याळ पाठवलं त्यांच्या लेकीनं, शबानानं. ती नाशिकला नर्स आहे, नोकरी लागून जेमतेम वर्ष झालंय. घड्याळातले आकडे चाचांच्या मोबाइलवर येतात तसे तिच्याही मोबाइलवर जातात. "आकडा बिघडला तर नोकरी सोडून घरी येईन," असा तिनं दमच भरला होता. पोरीला शिकवायला या माणसानं डबल ड्युट्या केलेल्या. तिची नोकरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यामुळे घड्याळ हातावर नको आणि काढायची सोयही नाही. "रात्रभर जागं राहून सकाळी माझी खबर देतं. आमच्या कारखान्यात अशाला मुखबीर बोलायचे," चाचा कुरकुरायचे.

मोबाइलवरचं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात एक आकडा होता, एचआरव्ही. शबानाच्या सगळ्या काळजीचं मूळ तो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते तो सांगतो, एवढं मी वाचून दाखवलं.

चाचांचा चेहरा खुलला. "म्हणजे चाल. लूमची चाल एकसारखी पाहिजे, न्हायतर कापडात पट्टे पडतात. फरक जितका कमी, तितकी मशीन चांगली."

मला पटलं. मी मराठी शिकवते, मला काय कळतंय? खाली वाचायचं सोडून मीही मान डोलावली.

मग रोज सकाळी चाचा दाराच्या चौकटीवर खडूनं आकडा लिहायला लागले. अडतीस. बत्तीस. सत्तावीस. आकडा उतरेल तशी त्यांची छाती फुगत होती. आता चाचांच्या लेखी त्यांच्या हातावरचं घड्याळही खरं बोलायला लागलं होतं, आणि दुधीची भाजी होऊन गेली होती. एकवीस झाला त्या दिवशी हलीमाचाचींच्या हातची वाफवलेली गोड सांदणं माझ्याकडे आली. चांगली चार खाल्ली मी.

पण मला आता चाचांचाच संशय यायला लागला. डोळ्यांखाली काळं आलेलं. चार पायऱ्या चढले की कठडा धरायचे. "झोप होते ना?" विचारलं, तर म्हणाले, "एकदम घोडे बेचके."

तेवढ्यात शबानाचा फोन आला. "बाई, अब्बांचा आकडा पंधरा दिवस घसरतोय. मी राजीनामा लिहायला घेतलाय."

"अगं, घसरतोय म्हणजे चांगलंच ना?"

मग तिनं मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. ठणठणीत हृदय अंतर कमी-जास्त करत राहतं. माणूस थकला, झोप उडाली, घोर लागला की ठोके एकसुरी होतात. आकडा दुसऱ्याशी ताडून बघायचा नाही, ज्याचा त्याच्याशीच. मला त्या सांदणांची भयंकर लाज वाटली. "डॉक्टरांना दाखवते, मग काय ते लिही," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चाचांना आणि चाचींना रिक्षात घातलं. काल्हेरच्या गोदामांतून निघालेल्या ट्रकांमागे आम्ही अर्धा तास अडकलो. तेवढा वेळ चाचा मला सुनावत होते. "चाल एकसारखी आणि मशीन खराब? तुम्ही, घड्याळ, डॉक्टर, सगळे मिळालेले हायत."

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो ठीक निघाला. "झोपता किती?" त्यांनी विचारलं.

"आठ तास."

डॉक्टरांनी मोबाइल बघितला. "यात तर झोप दीडच तास दिसतेय."

"ते खोटारडं हाय," चाचा म्हणाले.

"खोटारडंच," चाचींनीही साथ दिली. "भिंतीकडे तोंड करून पडतात ते हलत पण न्हाय."

चाचा चपलेकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "हिचा दमा परत चालू झालाय, डॉक्टर. मी हिचा श्वास मोजत पडतो. ही बोलली, शबानाला कळू द्यायचं न्हाय, पोरगी नोकरी सोडून येईल. मग कोणाला सांगणार?"

चाची त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला ऐकू जायचं? मी तर तोंडात ओढणी कोंबून खोकायची. तुमची झोप मोडू नये म्हणून."

"त्याचाच तर लोचा झाला," चाचा म्हणाले. "ओढणी कोंबली की श्वास ऐकू येत न्हाय. मग जास्तच जागं राहायला लागतं."

डॉक्टर त्यांच्या छातीला नळी लावायला गेले. चाचांनी ती हातानं बाजूला केली आणि चाचींकडे बोट दाखवलं.

मी बाहेर आले आणि शबानाला फोन लावला. अम्मीचा दमा उलटलाय, आजपासून औषध सुरू होतंय, अब्बांचं हृदय ठीक आहे, मी इथे शेजारी आहे, तो राजीनामा फाडून टाक, असं सगळं एका दमात सांगितलं. ती रडायला लागली. "रडतेस काय," म्हटलं आणि माझेच डोळे पुसत फोन ठेवला. मग आमची वाट बघत थांबलेल्या रिक्षावाल्यावर, त्या बिचाऱ्याची काहीएक चूक नसताना, मी चांगलं तोंड सोडलं.