घोडेवाले आणि खिडकीवाले

विहिरीवरची मोटार जळाली, की किकवीतला शेतकरी ती बबनअण्णांच्या दुकानात आणून टाकतो आणि विचारतो, "कवा मिळंल?" अण्णा मोटार उघडतात, आतली काळी पडलेली तार बघतात आणि सांगतात, "दोन कॅसेटी."

नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस कॅसेटी मागतोय. जुनी गिऱ्हाइकं मुकाट्यानं चहाला जातात. लहान मोटार असेल तर एक कॅसेट, मोठी असेल तर दोन आणि वर चार गाणी. एवढ्या वेळात अण्णा नवी तांब्याची तार भरून मोकळे होतात. वार्निश वाळायला आणखी एक दिवस लागतो, पण तो ते हिशेबात धरत नाहीत. वाळणं हे मोटारीचं काम, त्यांचं नाही.

आणि या कॅसेटी भजनाच्या नव्हेत किंवा लावणीच्याही नव्हेत. आयर्लंडच्या रॉक बँडच्या. आता सगळं मोबाईलवर वाजतं, पण माप कॅसेटीचंच राहिलं आहे. गिटार सुरू झालं की अण्णांचा हात तार गुंडाळायच्या चरक्याच्या दांड्यावर फिरायला लागतो, आणि ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला तारेचा एक वेढा बसतो. मी एकदा हौसेनं त्यांना एक भावगीत लावून दिलं. दहा मिनिटांत म्हणाले, "बाई, बंद करा. तार झोपाय लागली."

मी इथल्या शाळेत शिकवते आणि अण्णांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. त्यामुळे सकाळचा चहा मी आयर्लंडबरोबर घेते. आधी चिडायचे, आता एखाद्या दिवशी तो आवाज आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

हे खूळ आलं कुठून? अण्णा तरुण असताना एक गोरा माणूस मोटारसायकलवरून हायवेनं चालला होता. सारोळ्याच्या पुलाजवळ त्याची गाडी बंद पडली. अण्णा आणि त्यांचा जिवाभावाचा मित्र सोपान, दोघांनी भर उन्हात बसून ती चालू करून दिली. पैसे घेईनात, तेव्हा त्यानं पिशवीतून दोन कॅसेटी काढल्या, छातीवर हात ठेवून "आयर्लंड, आयर्लंड" म्हणाला, आणि एकेकाला एकेक देऊन निघून गेला. अण्णांच्या कॅसेटीवर घोड्याचं चित्र होतं, सोपानरावांच्या कॅसेटीवर खिडकीचं. इंग्रजी नाव दोघांनाही वाचता येईना, म्हणून एक बँड झाला घोडेवाले आणि दुसरा खिडकीवाले. मी आल्यावर दोन्ही नावं नीट वाचून दाखवली. अण्णा म्हणाले, "आसू द्या. शाळंतलं नाव येगळं, घरातलं येगळं."

घोड्याच्या मागे धुकं, दगड आणि हिरवा डोंगर आहे. तेवढ्यावरून अण्णांचं ठाम मत, की आयर्लंड म्हणजे आपलं डोंगरातलं वेल्हंच. "लई पाऊस, लई दगूड, आन् मानसं पोटामागं बाहीर," असं ते म्हणतात. त्यांचं हे खरंच आहे, म्हणून मी वाद घालत नाही. इंग्लंडचा बँड मात्र चालत नाही. "नगं. त्येंनी आपल्यालाबी ताप दिला, त्येंनाबी दिला." एकदा त्यांनी मला एका गाण्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, गाणाऱ्याची नोकरी गेली आहे आणि मैत्रीणही सोडून गेली आहे. अण्णा म्हणाले, "आन् ह्यो त्ये येवढ्या मोठ्यानं सांगतुया? बरं झालं बाई, इंग्रजीत हाय."

आता सोपानराव. अण्णांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांची पिठाची गिरणी आहे. दोघांत रस्ता दहा पावलांचा, पण अकरा वर्षं दोघांपैकी कुणी तो उघडपणे ओलांडला नव्हता. पूर्वी हे दोघे दर रविवारी कॅसेटींची अदलाबदल करायचे. एका रविवारी सोपानरावांच्या टेपमध्ये घोडेवाल्यांची फीत गुंतली आणि तुटली. ती अण्णांनी चिकटपट्टीनं जोडून घेतली, पण बोलताना जीभ घसरली. "तुज्या खिडकीवाल्यांचा ढोल आयकून टेपाचं डोस्कं फिरलं," म्हणाले. सोपानराव स्वतः हलगी वाजवणारे. ढोलाला नाव ठेवलेलं त्यांना सोसलं नाही. "तुज्या घोडेवाल्यांचा ढोल म्हंजी पत्र्यावर पडल्याली गार!" असं ते भर बाजारात ओरडले, आणि संपलं.

तेव्हापासून अण्णा आपलं दळण गाडीवर घालून सारोळ्याला नेतात. आणि सोपानरावांच्या गिरणीची मोटार जळाली तेव्हा तीही टेम्पोत बसून, अण्णांच्या दारावरून, सारोळ्यालाच गेली.

अण्णांच्या दुकानात फळीवर एक पितळी डबा आहे. दर शनिवारी ते तो चिंचेनं घासून लख्ख करतात, पण त्यात काही ठेवत नाहीत. तीन वर्षांपूर्वी शारदावहिनी, म्हणजे अण्णांची बायको, गेल्या. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात. त्याला कडू घास म्हणतात. त्या दिवशी दारात हा डबा कुणीतरी ठेवून गेलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "बारीक दळल्यालं पीठ हाय. सोपानाच्या घरचं."

मग डबा परत का देत नाही, असं मी विचारलं होतं.

"रिकामा कसा द्यायचा, बाई?"

"मग लाडू भरून द्या."

"कडू घासाचा डबा गोडानं भरू? कडू घास कडू घासानंच फिटतो. मग त्येच्या घरात कुनी जायाची वाट बगत बसू का म्या? न्हाई न्हाई. शंभर वर्सं जगू द्या समद्यांना."

असा तो डबा अडकला होता. अण्णांचा मुलगा पुण्याला असतो, सणावारी येतो. बाकी दिवस अण्णा, आयर्लंड आणि तो डबा. मैत्रीची परतफेड करायला त्यांना एक दुःख हवं होतं, आणि ते कुणावर यावं असंही वाटत नव्हतं.

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी मी मोबाईलवर बातमी वाचली. खिडकीवाल्यांचा ड्रम वाजवणारा गेला. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला. मी अण्णांना जाऊन सांगितलं. फिरता दांडा थांबला.

"खिडकीवाल्यांचा? ढोलवाला?"

"हो."

अण्णांनी समोर बघितलं. रविवार असून गिरणी बंद होती. बायका दळणाचे डबे घेऊन परत चालल्या होत्या.

"कळलंय त्येला," अण्णा म्हणाले. मोटार तशीच टाकून ते उठले आणि घरात गेले. तासाभरानं बाहेर आले तेव्हा हाताला पीठ, अंगात धुतलेला सदरा, आणि काखेत तो पितळी डबा.

"बाई, तुमी संगं चला. एकला गेलो तर भांडाय आला म्हनंल."

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते आवरलं. आम्ही दहा पावलांचा रस्ता ओलांडला. दारात सोपानरावांच्या बायकोनं, कमळावहिनींनी, डबा बघितला आणि त्या घाबरल्याच.

"आगं बाई! कोन गेलं?"

"आयर्लंडचं," अण्णा म्हणाले.

सोपानराव आत हलगी मांडीवर घेऊन बसले होते, वाजवत नव्हते. अण्णा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. सांत्वनाला गेल्यावर बसतात तसे दोघे खाली बघत बसले.

"लई मोटा मानूस व्हता," सोपानराव शेवटी म्हणाले.

"व्हता," अण्णा म्हणाले. मग, "कायबी म्हन सोपाना, ढोल वाजवावा तर त्येनंच."

अण्णांनी एवढी माघार कुणापुढे घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि कमळावहिनी, ज्यांना आयर्लंड कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

सोपानरावांनी डबा उघडला. भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, तोंडात घातला, आणि बराच वेळ चावत राहिले.

"बबन्या, पीठ जाड हाय. कुटनं दळतूस?"

"सारोळ्याहून."

"अकरा वर्सं ह्येच खातूस?" त्यांनी डबा खाली ठेवला. "उद्यापास्नं दळान हितं टाक."

अण्णांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "तुजी मोटार तापतीया. सारोळ्यावाल्यांनी वेढं कमी घेतल्यात. म्या रोज आयकतुया."

सोपानरावांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारलं, "कवा मिळंल?"

"दोन कॅसेटी," अण्णा म्हणाले. "एक माजी, एक तुजी."