परत येण्याचा पुरावा

प्रियंकाचा फोन आला तेव्हा सत्यशीलाबाई शेपू निवडत बसल्या होत्या आणि उकंडराव भगत पेपर वाचत होते. डॉक्टरांनी प्रियंकाला बाळंतपण होईपर्यंत पडून राहायला सांगितलं होतं. जर्मनीत, फ्रँकफर्टला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती दिवसभर एकटी. जावई अश्वजित कामावर जायचा आणि त्याच्या आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. मागच्या वर्षी एकदा दिवस राहून हाती काही लागलं नव्हतं. ते कोणी बोललं नाही, पण फोनच्या दोन्ही टोकांना मनात तेच होतं.

"आई, तू येशील ना?"

"येतो ना माय. उद्याच निंगतो."

"उद्या कसं निंगता येते?" उकंडराव पेपरामागून म्हणाले. "व्हिसा लागते त्याले. कागदपत्राचं मी पाहतो, तू ते माह्यावर सोड."

ते पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या टेबलावरून त्रुटी निघाल्याशिवाय एकही फाइल कधी पुढे गेली नव्हती. आता घरचीच फाइल करायची म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. बायको एकटी विमान कशी बदलणार, म्हणून त्यांनी आपलाही अर्ज त्यात जोडायचं ठरवलं.

दिग्रसच्या बस स्टँडसमोर विक्कीचं ऑनलाइन सेंटर होतं. सातबाऱ्यापासून पासपोर्टपर्यंत सगळं तो भरून द्यायचा, पण युरोपचा अर्ज त्याच्याकडे पहिल्यांदाच आला होता. त्याने पडद्यावरचे नियम वाचून काढले आणि खुर्ची मागे सरकवली.

"काका, बाकी सगळं होऊन जाईन. इन्शुरन्स, तिकीट, प्रियंकाताईचं निमंत्रण. खरी गोम दुसरीच हाये. तुमी वापस येसान, हे त्यायले पटलं पाहिजे."

"वापस नाही येऊ तं कुठी जाऊ?"

"लोकं तिकडंच राहून जातात म्हणते."

"दिग्रस सोडून?"

विक्कीने दाराबाहेर पाहिलं. पुसदची गाडी धूर सोडत वळत होती, आणि तिच्यापुढून एक म्हैस सावकाश रस्ता ओलांडत होती. "आता लोकायचं काय सांगता येते काका," तो म्हणाला.

उकंडराव कामाला लागले. पेन्शनचा आदेश, घरटॅक्सची पावती, महागावजवळच्या वावराचा सातबारा, विजेचं बिल, बँकेचं पासबुक, आणि ते विहार समितीचे सचिव असल्याचं त्यांनी स्वतःच लिहून स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र. फाइल इतकी फुगली, की तिला नाडी बांधावी लागली. विक्कीने ती उलटून पाहिली.

"काका, हे सगळं तुमच्या नावचं हाये. काकूचं काही?"

"तिचं काय राहते? मी हाओ ना."

"तिचा अर्ज अलग हाये. तिच्या नावानं काही तरी लावा. नाही तं अडकन."

"नवऱ्याच्या फाइलीत बायको येऊनच जाते, विक्की. मी जिंदगी काढली ह्याच्यात."

खरं तर घरटॅक्स भरायला सत्यशीलाबाईच रांगेत उभ्या राहायच्या. सोयाबीन केव्हा विकायचं, कोणाला विकायचं, वावरात तूर टाकायची की कपाशी, तेही त्याच ठरवायच्या. उकंडराव तेवढी सही करायचे. पण कागदावर सहीच दिसते.

ट्रॅव्हल्सने दोघं पुण्याला गेले. व्हिसा केंद्रात पहिला फटका फोटोला बसला. दिग्रसच्या स्टुडिओवाल्याने सत्यशीलाबाईंना प्रेमाने इतकं गोरं केलं होतं, की काउंटरवरची मुलगी फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "या कोण?" तिने विचारलं. फोटो पुन्हा काढावा लागला. या नव्या फोटोत सत्यशीलाबाई सत्यशीलाबाईंसारख्या दिसत होत्या, पण संतापलेल्या.

"आजी, किती दिवस राहणार?" मुलीने विचारलं.

"बाळ मान धरेपर्यंत तं राहाच लागन."

"म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत?"

"ते आता बाळावर हाये."

"तिकिटावर तारीख लिहेल हाये," उकंडराव घाईने म्हणाले आणि त्यांनी नाडी सोडली. परत येण्याविषयी ते सविस्तर बोलू लागले. मुलीने त्यांना घरटॅक्सपाशीच थांबवलं.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. मग कुरिअरने पासपोर्ट आले. उकंडरावांच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. सत्यशीलाबाईंच्या पासपोर्टात नुसता घडी घातलेला कागद. विक्कीने तो वाचला, पुन्हा वाचला आणि दबक्या आवाजात मराठीत सांगितला. अर्जदार बाई मुदतीत मायदेशी परततील याबद्दल अधिकाऱ्यांना रास्त शंका वाटत होती. परत येण्याजोगं त्यांचं इथे काही आढळलं नव्हतं.

सत्यशीलाबाईंनी कागदाची पुन्हा घडी घातली. "त्यायले कसं समजलं?" त्या म्हणाल्या.

"काय समजलं?" उकंडरावांनी विचारलं.

"काही नाही. चला घरी."

नवा अर्ज करता येत होता, पण पुण्याची पुढची तारीख मिळत होती ती बाळंतपण उलटून गेल्यावरची. उकंडरावांनी त्या रात्री जेवण केलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाइलीत त्रुटी काढल्या, त्याच्या फाइलीत त्रुटी म्हणून त्याची बायकोच निघाली होती. सकाळी त्यांनी प्रियंकाला सांगितलं. ती रडली.

"बाबा, मंग तुमीच या," शेवटी ती म्हणाली.

"मी येऊन काय करू माय? मले चहा बी येत नाही."

"कोणी तरी या बाबा."

उकंडरावांनी फोन सत्यशीलाबाईंच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून घरात शिकवणी सुरू झाली. सत्यशीलाबाई ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि उकंडराव गॅससमोर उभे राहायचे. पहिला भात करपला. दुसऱ्याची पेज झाली. "हे चालते बाळंतिणीले," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "पण तुमी मुद्दाम केली पाहिजे, चुकून नाही." त्यांनी डिंकाचे लाडू बांधायला घेतले, तर विक्कीने निरोप पाठवला, की युरोपात बाहेरून दूध-तुपाचं काहीही नेता येत नाही. म्हणजे डिंक, खारीक, अळीव कोरडे न्यायचे आणि लाडू तिकडे गेल्यावर उकंडरावांनी वळायचे. हे ऐकून त्यांनी कागद-पेन काढलं.

बाळाला न्हाऊ घालायचा सराव उशीवर चालायचा. एका दुपारी ते न्हाणीत पाटावर पाय पसरून बसले होते, पायांवर उशी उपडी, आणि सत्यशीलाबाई वरून पाणी घालत होत्या. "मान धरा. अहो, मान कुठी हाये तिची?" तेवढ्यात शेजारच्या मैनाबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय करून राह्यले भाऊजी?"

"जर्मनीले जाऊन राह्यले," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

मैनाबाईंनी त्या ओल्या उशीकडे नीट पाहिलं. "हे बी लागते का व्हिसाले?" त्यांनी विचारलं.

निघायचा दिवस आला. फ्रँकफर्टच्या विमानतळावर रांग लांबलचक होती. विक्कीने इंग्रजी उत्तरं पाठ करून दिली होती, पण विमानात सगळा वेळ उकंडराव सत्यशीलाबाईंच्या सूचना घोकत आले होते. शेपूत लसूण, पाठीला शेक, टाळूला तेल. डोक्यात दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती.

"पर्पज ऑफ व्हिजिट?" काचेमागच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"डिलिव्हरी."

"काय डिलिव्हर करणार?" अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं.

"बेबी."

अधिकाऱ्याने मान वर करून आधी त्यांचा चेहरा पाहिला, मग पोट. "कोणाचं बेबी?"

"डॉटर."

"मग तुमच्या पत्नी का आल्या नाहीत?"

"वाइफ नॉट अलाउड."

अधिकाऱ्याने पासपोर्टाची पानं सावकाश उलटली. तुम्हाला हे काम येतं का, असं त्याने विचारलं. उकंडराव सरकारी नोकरीत असतानाही जे कधी बोलले नव्हते, ते बोलून गेले. "नो सर."

"परत कधी जाणार?"

पेन्शनचा आदेश, घरटॅक्स, सातबारा, सगळं पिशवीत होतं. त्यांचा हात तिकडे गेलाच नाही. त्यांनी मागे वळून, ज्या वाटेने विमानातून आले होते तिकडे एकदा पाहिलं.

"टुडे पॉसिबल?" त्यांनी विचारलं.

अधिकाऱ्याने आणखी काही न विचारता शिक्का मारला.

बाहेर अश्वजित फोन धरून उभा होता. त्याने वाकून पाया पडायच्या आधी फोनच पुढे केला. पडद्यावर सत्यशीलाबाई होत्या. पाठीमागे मैनाबाई डोकावत होत्या.

"पोचले? आता आयका," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पोरीले हात लावाच्या आधी साबणानं हात धुवा. अन् अश्वजितले सांगा, फोन बंद करू नोको. मी इथंच बसेल हाओ."