सुभेदारांचं कृष्णफळ

आष्ट्यातल्या आमच्या गल्लीत शिरायचं तर परवलीचा शब्द लागायचा. थट्टा नाही! फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार गल्लीच्या तोंडाशीच, आपल्या दारातल्या मांडवाखाली काठी घेऊन बसत. पोस्टमन येवो नाहीतर एसटीडी बूथवर फोन करायला आलेला कुणाचा पाहुणा, ते काठी आडवी करून वर लोंबणारं जांभळं फळ दाखवत. "नाव सांगा, मग फुडं!"

"कृष्णफळ" म्हटलं की काठी वर. चुकलं की पुन्हा. "आडर म्हंजे आडर!"

मी त्यांच्या शेजारची सून. भाजीला जाताना एकदा आणि येताना एकदा मलाही म्हणावं लागे. वैताग नुसता!

या कृष्णफळाच्या, म्हणजे पॅशन फ्रूटच्या वेलाचं रोप त्यांनी कुर्गातल्या एका जुन्या सोबत्याकडून आणलं. द्राक्षबागेतल्या टाकाऊ तारा ओढून मांडव घातला. फळ धरावं म्हणून दाढीच्या ब्रशनं एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावत बसायचे. स्वतःची दाढी मात्र तशीच वाढलेली. गावातले द्राक्ष बागायतदार छाटणी शिकवायला आले, तर छाती काढून म्हणाले, "तुमची द्राक्षं जाऊ द्यात दुबईला. माजं फळ गल्लीभाईर जायाचं न्हाई!"

या सगळ्याच्या मुळाशी होत्या माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई. सुभेदार एकटे, त्यांना आक्का म्हणायचे. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्याच वेळी आत्याबाई त्यांना भाकरी-आमटीचा डबा पाठवत, रोज, आठ वर्षं. तो रिकामा परत करणं सुभेदारांच्या जिवावर यायचं. पण त्यांच्याकडे मटण शिजे, म्हणून त्या स्वयंपाकघरातलं काहीच आत्याबाईंना चालत नसे. एकदा सुभेदारांनी डब्यासोबत केळी धाडली, तर आत्याबाई म्हणाल्या, "इकतचं कशाला रं? घरचं काय पिकलं तर दे."

शेत तर नव्हतं. मग हा वेल लावला. पहिली चार फळं डब्यातून आली आणि आत्याबाईंनी हात मागं घेतला. "नाव म्हाईत न्हाई ते फळ आमच्यात खात न्हाईत, सुभेदारा."

सुभेदारांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून काठी आडवी.

पुढच्या बहरापर्यंत अख्खी गल्ली कृष्णफळ म्हणायला शिकली. मग सुभेदार एकच फळ घेऊन स्वतः आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"साऱ्या गल्लीला म्हाईत, मग मला म्हाईत न्हाई म्हणून कसं चालंल?" म्हणत आत्याबाईंनी ते कापलं. चमचाभर गर तोंडात घातला आणि डोळे गच्च मिटले. "आंबट हाय की रं! जा, तुज्या घरातली चिमूटभर साखर आण."

सुभेदार पळतच गेले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी बघायला गेले. साखरेचा डबा पोटाशी धरून स्वयंपाकघरात उभे होते. मिशा भिजलेल्या.

"वैनी, जरा थांबा," ते म्हणाले. "आसलं डोळं घिऊन आक्काच्या फुडं कसा जाऊ?"

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं, साखर शोधतायत.

त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. "सापडू दे सावकाश," म्हणाल्या. "मी बसलीया हितं."