मल्लप्पाकाकांची अंडी

गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, कपाळाला विभूती आणि हातात गावरान अंड्यांची पिशवी. अशा थाटात मल्लप्पाकाका वळसंगच्या बाजारातून परतले की आमची जुळे सोलापुरातली अख्खी कॉलनी बाल्कनीत येते. "म्हातारपणी आम्लेटची चटक लागली!" हा खालच्या मजल्यावरच्या सुमनताईंचा निकाल.

काकांनी अंडं आयुष्यात चाखलेलं नाही. ते कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये शिपाई होते. तिथला भंगारात निघालेला मायक्रोस्कोप आता त्यांच्या देवघराशेजारी असतो. बल्बच्या उबेत चार-पाच दिवस ठेवलेलं अंडं ते फोडतात आणि आतल्या हृदयाच्या पेशींचा मोहरीएवढा पुंजका कोमट मिठाच्या पाण्यात सोडतात. तो सुटा पुंजका धडधडत राहतो! मग एका काचेच्या ताटलीत अर्जुनाच्या सालीचा अर्क, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. आणि काका ठोके मोजत बसतात. मध्ये कुणी बोललं की कानडीत दम देतात, "सुम्न कुंद्र!" म्हणजे गप बस. हे त्यांनी गॅसवाल्याला, जावयाला आणि एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराला ऐकवलंय. त्या शेवटच्यासाठी मी त्यांना जन्मभर मानेन.

मी भोंदूगिरीविरुद्ध काम करणाऱ्या एका गटात आहे; पत्रकं लिहायची आणि वाटायची हे माझं काम. हृदयरोगावर अर्जुनाच्या सालीचा रामबाण काढा विकणाऱ्या भामट्यांविरुद्धचं आमचं पत्रक एके दिवशी संध्याकाळी छापायला जाणार होतं. मथळा तयार होता: 'काढ्याने हृदय बंद!' फक्त पुरावा हवा होता. तो घ्यायला मी काकांकडे धडकले.

"काका, अर्कातलं थांबलं ना?"

"थांबलं की. आदी हळू झालं, मग थांबलं."

"मग पत्रकावर करा सही!"

"नुसत्या मिठाच्या पाण्यातलं बी थांबलं. कदी आदी, कदी मागनं. आन् हे कोंबडीच्या पिलाचं हाय पोरी, माणसाचं न्हाय. तुला छापायची लई घाई."

माझं डोकं फिरलं. लोक गोळ्या सोडून काढे ढोसतायत आणि हे दोन वर्षं ताटल्या मांडून बसलेत! "अजून किती अंडी फोडणार? कुणासाठी चाललंय हे?"

काकांनी वहीचं पहिलं पान उघडलं. वर काकूंचं नाव, गौरव्वा. खाली रोजचे नाडीचे ठोके, प्रत्येक आकड्यापुढे 'काढा, एक वाटी'. शेवटच्या तारखेपुढे आकडा नव्हता.

"तिच्या गोळ्या चालू होत्या. काढा मी दिला, डाक्टरला सांगितलं न्हाय," काका म्हणाले. "ती कशानं गेली, मला अजून ठावं न्हाय. सही कशी करू?"

मी मथळा तिथंच खोडला. लिहिलं: 'काढा घेताय? डॉक्टरांपासून लपवू नका.' काकांनी वाचलं, मान डोलावली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. लगेच काढला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"दिसंना झालंय. तू मोज."

मी वाकले. इवलासा लाल कण नेटाने उडत होता. एक, दोन, तीन... चाळीस, एक्केचाळीस...

"काय काका, आम्लेट झालं का?" जिन्यातून सुमनताईंचा आवाज आला.

"सुम्न कुंद्र!" मी भिंगातून डोळा न काढता ओरडले, आणि बेचाळीसपासून पुढे मोजू लागले.