हातामागे दोन बोटं जास्त

“मामाजी, हे छप्पर तुमच्या नातवाच्या नातवाले पुरते! बोलून ठेवतो!”

सासऱ्याच्या अंगणात उभं राहून बाबनराव हे बोलले, आणि तेही असा आवाज चढवून, की गल्लीतल्या चार घरांनी ऐकावं. माणसानं बोलावं हो, पण बोलण्याआधी जरा टेप तरी लावून पाहावा!

बाबनराव मूळचे विणकराघरचे. गोळीबार चौकामागच्या गल्लीत बापाच्या मागावर बसून त्यांनी धोटा चालवलेला. पण मिसरूड फुटल्यावर मागावरून उठले ते थेट लोखंडात शिरले. नागपूरची राजधानी गेली त्याच सुमारास त्यांनी इतवारीत दुकानावर पाटी लावली, ‘छपरांचे डिझायनर’. गेलेल्या राजधानीची भरपाई आता आपल्यालाच करायची आहे, असा चेहरा करून ते दुकानात बसत. सगळी गल्ली त्यांना मानत होती. मानत नव्हते ते फक्त सासरे, नत्थूजी. माग सोडणारा माणूस म्हणजे घर सोडून पळालेला माणूस, हे नत्थूजींचं पक्कं मत. लग्न झाल्यापासून त्यांनी एकदाही ‘जावईबापू’ म्हणून हाक मारली नव्हती. “टिनवाले आले काय वं?” असं विचारायचे, तेही मुलीला! दिवाळीला पाटावर बसवत, पुरणपोळीवर तुपाची धार धरत, पण नाव टिनवालेच. बाबनरावांना तुपापेक्षा तो शब्द हवा होता, आणि तो काही ताटात पडत नव्हता.

त्या वर्षी वांदरांनी नत्थूजींच्या मागाच्या खोलीवर असा काही धिंगाणा घातला, की छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फुटून माती थेट विणलेल्या लुगड्यावर पडली. बाबनरावांच्या बायकोनं, पुष्पलतानं, बापाला गाठलं.

“बाबा, घरचा माणूस आहे. त्यायलेच सांगा ना छप्पर टाकाले.”

“सांग,” नत्थूजी म्हणाले. “पाहू तं खरं टिनवाल्याची अक्कल.”

मग काय! बाबनरावांच्या अंगात डिझायनर संचारला. बांबूफाटा नाही, सागाचे वासे नाहीत. लोखंडी त्रिकोणी कैच्या, कैच्यांवर आडवे लोखंडी पर्लिन, पर्लिनवर पत्रे. आणि पर्लिन साधे नाहीत, कलकत्त्याहून जस्तात बुडवून आणलेले, चांदीसारखे चकचकीत! सगळी गल्ली बघायला लोटली आणि बाबनरावांचं व्याख्यान सुरू झालं.

“हे जस्त आहे. याले जंग नाही. मी याले भोकंही पाडत नाही, आकडे टाकून कैचीले आवळतो. काहून? भोक पाडलं, की जस्त गेलं! आन् कापाचं तं नावच घेऊ नका. जिथं कापलं तिथून जंग शिरलाच समजा. यडा माणूसच जस्ताचा पर्लिन कापते!”

“कापाचं नाही म्हणता?” नत्थूजींनी विचारलं.

“कधीच नाही, मामाजी!”

नत्थूजींनी मान हलवली. तो प्रश्न त्यांनी जपून ठेवला, हे बाबनरावांना तेव्हा कळलं नाही.

सकाळी मिस्त्री कवडू पहिला पर्लिन घेऊन वर चढला. एक टोक भिंतीवर टेकलं. दुसरंही टेकलं आणि भिंत ओलांडून पुढे निघालं.

“भाऊ, हा तं बाहेर चालला!”

“दुसरा लाव.”

दुसराही बाहेर. तिसराही. झाडून सगळे पर्लिन दोन्ही भिंतींच्या बाहेर माना काढून उभे राहिले! बाबनरावांनी टेप लावला, पुसून परत लावला. मग त्यांना आठवलं.

खोलीची लांबी त्यांनी हातानं मोजली होती, बापानं शिकवली तशी. आणि विणकराचा पोरगा ताणा मोजतो तेव्हा हातामागे दोन बोटं जास्त धरतो. काहून? सूत विणताना आटतं ना! वर दोन्ही टोकांना दशांसाठी सूत सोडतो ते वेगळंच. बाबनरावांच्या हातानं, डोक्याला न विचारता, पर्लिनलाही आट धरली होती. आणि दशाही सोडल्या होत्या! लोखंडाला! कलकत्त्याच्या कारखान्यालाही वाटलं असेल, नागपूरचा डिझायनर आहे, मोजूनमापून लिहिलं असेल.

हे सासऱ्याला कळलं, तर ‘टिनवाले’ हीसुद्धा पदवी जाणार! बाबनरावांनी कवडूच्या कानात सांगितलं, “कोणी विचारलं तं फॅशन आहे म्हणाचं.”

पहिली विचारायला आली शेजारची तुळजाबाई. तिच्या अंगणावर पर्लिनची टोकं आली होती, आणि उन्हात ती अशी चमकत की चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आरसा मारल्यासारखं होई.

“काहून गा बाबन, माह्या आंगनात तुहं लोखंड काहून आलं?”

“काकू, फॅशन आहे. सिव्हिल लाइनच्या बंगल्यायले असतेच.”

“मंग बंगल्यात लाव ना! मी भाकर थापू का डोये झाकू? काप ते!”

“कापता येत नाही, काकू.” हे नत्थूजी म्हणाले, ओट्यावरून, सुपारी कातरत. “यडा माणूसच कापते. होय ना, टिनवाले?”

बाबनराव आपल्याच बोलण्यात अडकले. पण ते डिझायनर होते! भोकं न पाडता आकडे टाकल्याचा फायदा आता दिसणार होता. “कवडू, आकडे ढिले कर! सगळे पर्लिन गल्लीकडे सरकव!”

सरकवले. तुळजाबाईकडची टोकं भिंतीच्या आत गेली, तिनं समाधानानं चूल पेटवली. पण तिकडचं लोखंड काही हवेत विरलं नाही. गल्लीकडे आता दुप्पट बाहेर आलं. खालून पाहिलं तर वाटावं, की छप्पर गल्लीत कोणाला तरी बोलवायला हात करून राहिलं आहे.

“आता पाहा,” बाबनराव पुष्पलताला म्हणाले. “गल्लीच्या वर कोणाचं काय जाते? हवाच तं आहे!”

“आइका ना, आज सांजच्याले वऱ्हाड आहे इथून,” पुष्पलता म्हणाली.

“वऱ्हाड खालून जाते वं. छपरावरून जाते काय?”

वऱ्हाड खालूनच आलं. पण नवरदेव घोड्यावर होता, घोडा चांगला उंच होता, नवरदेवाच्या डोक्यावर हातभर उंच बाशिंग होतं, आणि त्याच्यावर मामानं बांबूला बांधलेली झालरीची छत्री धरली होती! बँडवाल्यांना नत्थूजींच्या घरापुढेच जोर आला. घोडा दोन पावलं नाचला. छत्री एका पर्लिनमध्ये अडकली, बाशिंग दुसऱ्यात. घोडा पुढे गेला, नवरदेव बोडक्या डोक्यानं पुढे गेला, आणि मागे हवेत राहिली छत्री, बाशिंग आणि छत्रीचा बांबू न सोडणारा मामा!

“अरे बाप्पा! बाशिंग राह्यलं!”

“अपशकुन झाला वं माय!” नवरदेवाची आई रस्त्यातच बसली.

“कोनं लावलं हे लोखंड? कोनाचं डोकं हे?”

“फॅशन आहे,” कवडू इमानदारीनं म्हणाला.

वऱ्हाडानं बाह्या सावरल्या. बाबनरावांना वाटलं, आता पर्लिनसारखं आपल्यालाच वर चढवून आवळतात. तेवढ्यात नत्थूजी ओट्यावरून उतरले. गल्लीतला म्हातारा माणूस, सगळे मागे सरले. नत्थूजींनी कवडूला वर चढवून मामाची छत्री सोडवली, बाशिंग उतरवलं, स्वतःच्या हातानं नवरदेवाला बांधलं, आईच्या हातावर साखर ठेवली. “बाई, नवऱ्याचं बाशिंग उंच गेलं. पोरगा नाव काढते. चला, वाजवा!”

बँड वाजला, वऱ्हाड गेलं. गल्ली मात्र हलली नाही. नत्थूजींनी वर पाहिलं. बाहेर आलेलं लोखंड हातानं, हवेतल्या हवेत, मोजलं. मग बाबनरावांकडे वळले.

“किती धरली?”

“काय, मामाजी?”

“आट. हातामागे किती बोटं?”

आता फॅशन संपली. बाबनराव चपलेकडे बघत म्हणाले, “दोन.”

“आन् दशा?”

“त्याही सोडल्या, मामाजी.”

म्हातारा हसायला लागला. असा हसला, की भिंतीला टेकला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि परत वर पाहून परत हसला. “लोखंडाले दशा! लोखंडाले आट! अरे, माह्या बापानं नसतं केलं!” मग घराकडे तोंड करून ओरडले, “पुष्पे! पाट मांड वं! मी समजत होतो माग सुटला पोराचा. कुठं सुटला? हाडात बसून आहे! जावईबापूले भूक लागली असंन!”

बाबनरावांना एकदम भरून आलं. उभ्या आयुष्यात एवढा मोठा मान, आणि तो मिळाला एवढ्या मोठ्या गाढवपणाबद्दल! हसावं की रडावं त्यांना कळेना, म्हणून ते जेवायला बसले.

पत्रे चढले. पर्लिन कापायचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी त्या टोकांना दोर बांधून बांबू टांगला आणि त्यावर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातल्या, कोणत्याही नवरदेवाच्या डोक्यापासून दूर, भिंतीलगत. बकरी पोचत नाही, आणि जस्त असल्यानं सुताला जंगाचा डाग नाही! तुळजाबाईसुद्धा आपलं लुगडं टाकून गेली.

बाबनराव मात्र शहाणे झाले. पुढचं काम गल्लीतल्याच ईश्वरदासचं. टेप लावला, परत लावला, कवडूकडून लावून घेतला. पर्लिन भिंतीत असे बसले, की सूतभर बाहेर नाही. बाबनराव खाली उतरले आणि छाती पुढे काढून उभे राहिले.

ईश्वरदासनं घराभोवती एक चक्कर मारली, भिंतीची दोन्ही टोकं पाहिली, आणि तोंड पाडून म्हणाला,

“काहून गा बाबनराव? सासऱ्याले लडी वाळवाले दशा सोडल्या, आन् आमच्या वाट्याले नुसते काठ?”