जिथे हात पोचत नाही

मास्तरांच्या पाठीला खाज सुटली, आणि तीही नेमकी दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात ना वरून पोचतो ना खालून. शाळेच्या मैदानावर हयातभर कवायत शिकवलेला हा माणूस. 'आपला हात जगन्नाथ' हे त्यांनी मुलांच्या कितीतरी तुकड्यांकडून घोकून घेतलं होतं. त्याच हाताने ऐन वेळी दगा दिला.

घरात मुलगा होता, सून होती. सांगायला काय हरकत होती? पण मास्तरांची बायको गेल्यापासून बापलेकांत बोलणं असं उरलंच नव्हतं. भांडण नव्हतं, असतं तर निदान आवाज तरी झाला असता. पूर्वी सगळं तिच्यामार्फत चालायचं. "त्याला म्हणावं, छत्री घेऊन जा." "बाबांना सांग, उशीर होईल." मधलं माणूस गेलं आणि दोन टोकं लोंबकळत राहिली. आता मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला जाताना "येतो" म्हणायचा आणि मास्तर वर्तमानपत्रामागून "हं" म्हणायचे. एवढ्याशा "हं"मध्ये पाठीची खाज कुठे मावणार?

म्हणून ती त्यांनी शेजारच्या कंपाउंडरना सांगितली. कंपाउंडर जन्मभर दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त होताच त्यांचा गोळ्यांवरचा विश्वास उडाला होता.

"डॉक्टरबिक्टर काही नको, मास्तर. निसर्गात सगळं आहे. कोरफडीचा गर लावा, गार वाटेल."

"लावणार कोण?"

"म्हणजे? घरात माणसं नाहीत का?"

"आहेत की," मास्तर म्हणाले आणि क्रिकेटवर आले.

हात जात नाही तिथे भिंत जाते, हा शोध त्यांना दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये लागला. टाइल्सवर कोरफडीचा गर फासायचा आणि म्हशीसारखी पाठ घासायची. स्वर्गच! फक्त तो स्वर्ग खाली ओघळून जमिनीवर आला, आणि अर्ध्या तासाने सून त्यावरून घसरता घसरता नळाला लटकली.

"बाबा, हे बुळबुळीत काय आहे?"

"साबण असेल," मास्तर म्हणाले. ही पहिली थाप.

कोरफडीने भागेना, तेव्हा कंपाउंडर मधावर आले. मधाने म्हणे कातडी मऊ पडते. मास्तरांनी तो हॉलमधल्या खुर्चीच्या पाठीला लावला, उघड्या अंगाने मनसोक्त टेकून घेतलं आणि नंतर खुर्ची पुसली. पुसली म्हणजे आपली पुरुषांसारखी पुसली. सकाळी मुलगा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बुटांच्या नाड्या बांधायला त्याच खुर्चीत बसला, आणि दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा माशा त्याच्याभोवती जास्त. संध्याकाळपर्यंत खुर्चीवर मुंग्यांची शिस्तीत रांग लागली होती.

"या मुंग्या आल्या कुठून?" सून विचारत होती.

"हवा बदललीय," मास्तर म्हणाले. रांग सरळ होती याचं त्यांना मनातून कौतुकही वाटलं.

खाज मात्र वाढतच होती. शेवटी कंपाउंडरनी हुकमाचं पान काढलं: व्हिनेगर. मगभर पाण्यात एक चमचा. मास्तरांनी हिशेब केला, की चमच्याने गुण येतो तर बाटलीने किती येईल! बाटलीभर व्हिनेगरमध्ये टॉवेल भिजवला, दोन टोकं धरली आणि पाठीवरून करवतीसारखा ओढला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. रोग परवडला, पण औषध नको! ओरडायची सोय नव्हती. त्यांनी दात आवळले आणि टॉवेल बेसिनखाली कोंबून ठेवला.

तो तिथे मुरला. घरभर आंबूस भपका सुटला. सुनेने उदबत्त्या लावल्या, खिडक्या उघडल्या. मुलगा म्हणाला, "ड्रेनेज फुटलंय." रविवारी प्लंबर आला. त्याने खोल श्वास घेतला, मान डोलावली आणि म्हणाला, "जमिनीखाली आहे. फोडावं लागेल."

तेव्हाच सांगून टाकायचं, तर आधीच्या दोन थापा आडव्या आल्या. मास्तर बाहेर बसून घाव ऐकत राहिले. एक फरशी निघाली, वास तसाच. दुसरी निघाली. मास्तरांच्या बायकोने हौसेने निवडलेल्या निळ्या फरश्या होत्या त्या. प्लंबरने तिसरीवर छिन्नी टेकवली, आणि मास्तरांच्या गळ्यातून मैदानावरचा आवाज फुटला.

"थांब!"

प्लंबरचा हातोडा हवेत थांबला. सून थांबली. आणि कधीकाळी त्याच मैदानावर शिकलेला मुलगा टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

"मला पाठीला खाज येते!" मास्तरांनी त्याच आवाजात जाहीर केलं. वरच्या मजल्यापर्यंत बातमी पोचली.

प्लंबरने हातोडा खाली ठेवला. "मग फरशीचा काय गुन्हा, काका?"

मुलाने वडिलांचा शर्ट मागून वर केला, पाठ पाहिली आणि रिक्षा आणायला गेला.

डॉक्टरीण तरुण होती. "काय काय लावलंत?"

"सगळं नैसर्गिक," मास्तर ताठ मानेने म्हणाले.

"आजोबा, विंचूसुद्धा नैसर्गिकच असतो." तिने चष्मा सारखा केला. "वयामुळे कातडी कोरडी पडलीय, एवढंच होतं. हे लाल झालंय ते व्हिनेगरने भाजल्यामुळे. कडकडीत पाणी बंद, उग्र साबण बंद. अंघोळ झाली की हे साधं मलम. लावून द्यायला कोणी आहे ना?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "आहे."

पहिल्या दिवशी त्याने टपालाचं तिकीट चिकटवावं तसं एका बोटाने लावलं. मग हळूहळू पूर्ण तळवा टेकला. पाठीला डोळे नसतात, म्हणून तिच्याशी बोलणं सोपं जात असावं. एका सकाळी मलम चोळता चोळता मुलगा म्हणाला, "शाळेत तुम्ही मला सगळ्यांपेक्षा एक फेरी जास्त पळवायचात."

मास्तर भिंतीकडे बघत राहिले.

"मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही."

मग मास्तर पुटपुटले, "तू पळायला लागलास की बघत राहावंसं वाटायचं रे. म्हणून एक जास्त."

मुलाचा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा फिरू लागला. त्या दिवशी मलम जरा जास्तच खर्ची पडलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीण खूश झाली. "छान! पाठ स्वच्छ झाली. आता मलम बंद केलं तरी चालेल."

बापलेक असे बाहेर पडले, की बघणाऱ्याला वाटावं मोठं दुखणं निघालं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मास्तरांनी शर्ट घातला आणि उगाचच सावकाश बटणं लावत बसले. मुलगा दारात आला, घुटमळला.

"बाबा, हल्ली मलाच जरा खाजतंय. इथे, मधोमध."

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "अरे, मग मी बघ..." आणि पुढचे शब्द तिने गिळले. आत भांडी वाजू लागली.

मुलगा शर्ट काढून स्टुलावर बसला. मास्तरांनी चष्मा चढवला आणि वाकून नीट पाहिलं. पाठ लख्ख होती. साधा घामोळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

त्यांनी मलमाचं झाकण फिरवलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"बरीच पसरलीय रे," ते म्हणाले. "वेळ लागणार."